फुटाला किती, हे विचारण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराचे काम काढायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, "फुटाला किती?" दर ठरला म्हणजे खर्च ठरला, अशीच बहुतेकांची समजूत असते. पण अंदाजपत्रक कोलमडते ते दरामुळे क्वचितच. ते कोलमडते मापामुळे आणि भिंतीत बुजून जाणाऱ्या कामामुळे.

बाथरूमच घ्या. आठ बाय पाच, म्हणजे बोलण्यात "चाळीस फुटांचे". पण टाइल्स सात फूट उंचीपर्यंत न्यायच्या तर चारही भिंतींची लांबी २६ फूट, गुणिले ७, म्हणजे १८२ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की १६४.५ उरतात. जमिनीचे ४० वेगळे. दोन्हींवर कापाकापीचे १० टक्के धरले की भिंतीला १८१ आणि जमिनीला ४४, असा २२५ चौरस फूट माल लागतो. तिरकी मांडणी हवी असेल तर १० च्या जागी १५ टक्के धरावेत. माल एकदमच उचलावा आणि सगळ्या पेट्यांवर बॅच व शेड एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. मागाहून आणलेल्या चार टाइल्स ठिगळासारख्या दिसतात.

तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवायचे तर कामांची यादी आपणच करावी आणि तिघांना तीच द्यावी: काम, माप, मालाचा प्रकार, आणि दर मालासहित की नुसत्या मजुरीचा. "बाथरूम कम्प्लीट, सरसकट रक्कम" एवढ्या ओळीवरून तोडफोड धरली आहे का, नळ कोणी आणायचे, काहीच कळत नाही. राडारोडा तर हमखास विसरला जातो. फोडलेले बांधकाम सुटे झाले की साधारण दीडपट जागा व्यापते आणि गाडीच्या खेपा त्या हिशेबाने वाढतात.

आता पैसे देण्याबद्दल. आठवड्याला मागेल तेवढी उचल देत गेले की काम निम्मे आणि पैसे पाऊण संपलेले, अशी वेळ येते. हप्ता दिवसांवर नको, चाचणीवर बांधावा. सुरुवातीला १० टक्के पुरे. महागडा माल लागणार असेल तर तो आपणच दुकानातून घ्यावा. पुढचा हप्ता पाइप टाकून झाल्यावर, पण भिंत बुजवण्याआधी. लाइनची तोंडे बंद करून हातपंपाने दाब द्यायचा, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि काही तास पंपावरचा दाबाचा काटा खाली येतो का ते बघायचे. त्याच वेळी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवावेत. पुढे ड्रिल मारताना पाइप कुठून गेला आहे हे त्यावरूनच कळते.

तिसरा हप्ता वॉटरप्रूफिंगनंतर. कोपरे गोलाई देऊन भरलेले हवेत, लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे हवेत आणि थर भिंतीवर किमान एक फूट चढवलेला हवा. तो वाळला की ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला, बूच मारून दोन इंच पाणी भरायचे, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि २४ ते ४८ तास हात लावायचा नाही. पातळी थोडी उतरली तर बाष्पीभवन म्हणून सोडून देता येते, पण खालच्या छताला ओल दिसली तर थर फुटलेला आहे. टाइल्स बसल्यावर हाच दोष काढायचा म्हणजे पुन्हा सगळे फोडणे. जमिनीचा उतारही टाइल्स लावतानाच बघावा. १०० ला १ धरला तर आठ फुटांत जेमतेम एक इंच पडतो, आणि तेवढा पुरतो.

शेवटचे ५ ते १० टक्के महिनाभर वापर होईपर्यंत राखून ठेवावेत, आणि ही अट पहिल्याच कागदावर असावी.

एवढे करूनही १० ते १५ टक्के रक्कम बाजूला लागतेच. जुन्या घराला २० धरावेत, कारण प्लास्टर काढल्याशिवाय आत वायर कुजली आहे की पाइप गंजला आहे हे कळायला मार्ग नाही. वाढीव काम निघाले की माप आणि दर लिहून सही झाल्यावरच हातोडा पडू द्यावा.

राहिला कर्जाचा भाग. "फ्लॅट १० टक्के" हा शब्द फसवा आहे. एक लाख, पाच वर्षे, फ्लॅट १० टक्के: व्याज ५० हजार, महिन्याचा हप्ता २,५००. मुद्दल दरमहा फिटत जाते, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच लागते. घटत्या शिलकीच्या (रिड्युसिंग) पद्धतीने मोजला तर याच हप्त्याचा व्याजदर १७ टक्क्यांच्याही वर जातो. ठेकेदाराशी फुटामागे दोनासाठी घासाघीस करणारे इथे मात्र मुकाट सही करतात. फ्लॅट की रिड्युसिंग, प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडल्यास काय पडेल, हे सहीआधी विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक