झडीच्या दिवसांसाठी

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या तिथीला 50 ब्लँकेटं वाटायची म्हणून बाबांनी माझ्या शाळेच्या गावातल्या गरजूंची यादी मागितली. यादी पाठवते, पण आधी हे वाचा. फोनवर जमत नाही. बाबा मधेच "बरं बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, आई.

थंडी आहे, खोटं कशाला बोलू? पण संक्रांतीच्या आसपास वाटप करणारे सगळेच येतात. शाळेमागच्या आजीकडे तीन ब्लँकेटं आहेत. एक तर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच, पेटीवर ठेवलेलं. विचारलं तर म्हणाली, "पांघराले हाये मॅडम, तेलाले पैसे नाईत."

दिवाळी ते होळी इथे तशी बरी जाते. कापूस वेचायला बाया लागतात, मजुरी किलोवर मिळते, तूर-हरभरा घरात येतो. खरी ओढाताण आषाढ-श्रावणात. होतं नव्हतं ते बियाण्या-खतात गेलेलं. निंदणाची रोजी मिळते, पण झड लागली की आठ-आठ दिवस वावरात पाय टाकता येत नाही. रोजी बंद, किराणा उधार, त्यात घरात कुणाला तरी ताप. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, त्यामुळे चूल पेटते. पण ताटात नुसता भात आणि तिखट. त्या दिवसांत सोमवारी पोरं शाळेतली खिचडी दोन-तीनदा मागून घेतात. रविवारी शाळा नसते ना! वाटपवाले मात्र तेव्हा फिरकत नाहीत. चिखलात फोटोही चांगले येत नसावेत.

दुसरं म्हणजे कागद. शेजारच्या गल्लीत एक विधवा बाई आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये तिला मिळायला हवेत, पण वर्षाला 21,000 च्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं खातं यांतलं एक जुळलं की दुसरं अडतं. तहसीलला जायचं म्हणजे बसभाडं गेलं आणि त्या दिवसाची रोजीही बुडाली. साहेब जागेवर नसले की पुन्हा तेच. तिच्यासोबत मोटरसायकल घेऊन जाणारा एखादा शिकलेला पोरगा मिळाला, तर त्याची किंमत 50 ब्लँकेटांहून जास्त आहे.

बाबा, आजोबांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं हे तुम्हीच किती वेळा सांगितलंय. उघड्याला वस्त्र द्या, हे त्यांचं सांगणं खरंच. पण त्यांनी सांगितलेल्या त्याच दहा गोष्टींत बेकाराला रोजगार आहे आणि रोग्याला औषधही आहे. शिवाय गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या माणसं जिथे अडतात तिथे. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलच्या कॅन्सर पेशंटांची सोय होते. तसंच गडचिरोलीला. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर जोडपं तिथे 1986 मध्ये गेलं. मोठ्या इमारतीला आदिवासी बिचकतात हे कळल्यावर त्यांनी दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. बाळंतीण आणि तान्हं बाळ घराबाहेर पडत नाही, म्हणून 39 गावांतल्या बायांनाच बाळ सांभाळायचं शिकवून घरोघर पाठवलं. तिथलं बालमृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. माणसाला विचारून दिलं की असं होतं. आपण मात्र दुकानात काय स्वस्त मिळतं ते बघून देतो. (बाबा, रागावू नका. "आपण"मध्ये मीही आहे.)

तर असं करूया का? ब्लँकेटं दहाच घ्या, ज्यांना खरंच लागतात त्यांची नावं मी कळवते. उरलेले पैसे इथल्या महिला बचत गटाकडे ठेवू. झड लागली की तेल, डाळ, मीठ, तिखट आणि दवाखान्याचं भाडं कोणाला द्यायचं ते त्या बायाच ठरवतील. कोणाची चूल कधी थंड असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. हिशोब वहीत, फोटो नाही, आजोबांच्या नावाचा बॅनर नाही. बॅनरचं आईला पटेल, बाबांना वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे.

आणि तूर घरी आली असेलच. सगळी व्यापाऱ्याला घालू नका. दोन पोती बाजूला ठेवा, उन्हाळ्यात डाळ करून घेऊ. मे महिन्यात सुट्टीला आले की मीच मिलवर नेते. आईच्या गुडघ्याला तेल लावणं चालू ठेवा.

तुमची,
ताई