लेफ्टनंट जनरल थोरातांचा इशारा आणि रसदीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९६२ च्या युद्धावर लेख आला की त्यात लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात (एस. पी. पी. थोरात) यांच्या वाट्याला एक ठरलेले वाक्य येते : ‘त्यांनी चिनी हल्ल्याचे भाकीत आधीच केले होते.’ आपल्या पुरवणीतील लेखातही तेच आहे. भाकीत म्हटले की माणूस ज्योतिषी ठरतो आणि त्याने मांडलेला हिशेब वाचायचा राहतो.

ऑगस्ट १९५९ मध्ये नेफातील (आजचा अरुणाचल प्रदेश) लोंगजू या सीमाचौकीवर चिन्यांशी चकमक झाली. ऑक्टोबरमध्ये ईस्टर्न कमांडचे प्रमुख या नात्याने थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचे टिपण लष्करप्रमुख थिमय्यांकडे पाठवले. ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापर्यंत गेले आणि तिथेच निकालात निघाले. मग १७ मार्च १९६० रोजी लखनौला ‘लाल किल्ला’ हा सराव झाला. थिमय्यांसह वरिष्ठ अधिकारी हजर होते. मांडणी अशी : मॅकमहोन रेषेवर, म्हणजे तिबेटला लागून असलेल्या सीमेवर, फक्त लहान चौक्या ठेवायच्या. त्यांनी शत्रूची खबर द्यायची, जमेल तितका वेळ खायचा आणि मागे यायचे. खरी लढाई बरीच मागे, बोमडिलाच्या पट्ट्यात द्यायची.

कारण साधे आहे, पण नकाशावर दिसत नाही. तेजपूर मैदानात. तिथून चढून बोमडिला सुमारे ८,००० फुटांवर. मग पुन्हा खाली दिरांगच्या खोऱ्यात, तिथून सुमारे १३,७०० फुटांच्या सेला खिंडीत, परत उतार आणि तवांग १०,००० फुटांवर. पुढे सीमेपर्यंत पायवाट, माणसाची पाठ आणि विमानातून टाकलेला माल. चिनी सैन्याला मात्र तिबेटच्या पठारावरून सीमेच्या जवळपर्यंत वाहने आणता येत होती. म्हणजे रेषेवर लढलो तर त्यांची रसद आखूड आणि आपली लांब. बोमडिलाला लढलो तर सेलाचा चढउतार त्यांच्या डोक्यावर बसतो आणि आपले ट्रक फळीच्या पाठीशी येतात.

१९६२ मध्ये नेमके उलटे केले. जूनमध्ये तवांगपलीकडच्या थागला रांगेच्या पायथ्याशी, नामका चू ओढ्याकाठी धोला चौकी उभारली. वरच्या कड्यावर चिनी, खाली आपण. पुढे ७ व्या ब्रिगेडला तिथे ढकलले, तेही सुती गणवेशात आणि माणशी ५० गोळ्या देऊन. माल त्सांगधारच्या उतारावर, सुमारे १४,५०० फुटांवर टाकला जाई. हवाई छत्री उघडली नाही किंवा वारा लागला की पेटारा दरीत. हाती लागलेला माल तासन्‌तास खांद्यावरून खाली न्यायचा. २० ऑक्टोबरला ब्रिगेड काही तासांत मोडली, यात नवल काही नाही.

थोरातांची योजना अभेद्य होती असेही म्हणू नये. नोव्हेंबरमध्ये चिनी सैन्य सेलाला वळसा घालून बेली ट्रेल या जुन्या डोंगरवाटेने थेंबांगजवळ उतरले आणि दिरांग-बोमडिला रस्ता तोडला. ती वाट बोमडिलाच्या बगलेतच उतरते. तेव्हा बोमडिला धरायचे तर थेंबांगची बाजू आधी बुजवायला हवी होती, आणि त्याला ज्यादा पलटणी लागल्या असत्या. शिवाय तवांग सोडून मागे लढायचे, हे कोणत्याही सरकारला संसदेत सांगणे जड. आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा. मेननांनी मात्र टिपण अवास्तव भीतीचे ठरवून बाजूला सारले.

रस्ता कोणाच्या हाती, या प्रश्नाशी थोरातांची ओळख जुनी होती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकानात, कांगाव येथे ५१ व्या ब्रिगेडने जपान्यांचा माघारीचा रस्ता अडवला. तीन पलटणी, तिन्हींचे कमांडर भारतीय : थिमय्या, एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

कोरियातील काम वेगळ्याच जातीचे. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२,६०० चिनी व कोरियन युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. दलप्रमुख थोरात होते. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून सैनिक जहाजावरून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळीबार न करता त्याला सोडवून आणले. या कामगिरीसाठी मिळालेल्या अशोक चक्र श्रेणी २ चे नाव आता कीर्ती चक्र आहे. लेखात याला एक ओळही नाही.

मे १९६१ मध्ये थिमय्यांनी थोरातांसाठी केलेली शिफारस बाजूला ठेवून लष्करप्रमुखपद जनरल पी. एन. थापरांकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले. युद्ध पेटल्यावर त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षही होते. कोल्हापूरच्या वडगावचा हा माणूस. त्याच्या निवृत्तीनंतरच्या कामावर मराठीत माझ्या वाचनात फार कमी आले आहे.

एक विनंती. या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा सोबत नेहमीचा सपाट नकाशा देऊ नका. तेजपूर ते थागला असा उंचीचा उभा छेद द्या आणि १९६२ मध्ये ट्रक कुठवर जात होते तिथे एक खूण करा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर