कोळशाच्या थराची जाडी आणि ओल
महोदय,
खाणीत कोळसा कापताना छताच्या दगडाखाली कोळशाचा किती थर शिल्लक आहे, हे मायक्रोवेव्हने कळते खरे. पण उपकरण मोजते ती लहर परत येण्याची वेळ, जाडी नव्हे. कोळशाचा परावैद्युतांक (पदार्थात लहर किती मंदावते ते ठरवणारा अंक) 4 धरला तर लहर नॅनोसेकंदाला सुमारे 15 सेंमी जाते. पृष्ठभागावरच्या परावर्तनानंतर 4 नॅनोसेकंदांनी दगडाचे परावर्तन आले, की जाऊन-येऊन अंतर 60 सेंमी, म्हणजे थर 30 सेंमी. ओलीमुळे तोच अंक 5 असेल तर खरी जाडी जेमतेम 27 भरते, आणि कापणी यंत्राचे दात दगडाला भिडतात! कोळशामधला मातीचा पट्टाही छताच्या दगडाचा भास करून देतो. म्हणून भोक पाडून जाडी प्रत्यक्ष मोजावी, त्यावरून अंक ठरवावा. ओल बदलली की पुन्हा. फवारणीने भिजलेल्या जागेवरचे वाचन सरळ बाद करावे.
– एक खाण अभियंता