दाताच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

जानेवारीत मी तुमच्याकडे आले ती दाढ दुखते म्हणून. तुम्ही तोंडात आरसा घातलात आणि तो गालाला आतून चिकटला. हलकेच सोडवलात, तर पुन्हा चिकटला. मग दाढ बाजूला ठेवून तुम्ही विचारलंत, "भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का?"

वर्षभर येत नव्हती. रात्री उशाशी तांब्या लागायचा. पण थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल होता, त्यामुळे सगळे म्हणायचे, वय झालं.

तुम्ही बीपीची गोळी चालू आहे का, डोळे कोरडे पडतात का, हेही विचारलंत आणि घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन यायला सांगितलंत. मी पिशवी तुमच्या टेबलावर रिकामी केली. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम मी सकाळी एकाच घोटात घ्यायचे, विसरायला नको म्हणून. कॅल्शियम आणि लोह ती गोळी पोटातच धरून ठेवतात, मध्ये चार तास तरी हवेत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनचं लेबल तुम्ही दोनदा वाचलंत. १०,००० मायक्रोग्रॅम! शरीराला रोज ३० पुरतात. त्याने थायरॉईड बिघडत नाही, पण थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा टीएसएच काही लॅबच्या तपासणीत आहे त्यापेक्षा कमी दिसतो, असं तुम्ही समजावलंत.

तुमची चिठ्ठी घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. बायोटिन बंद करून आठ दिवसांनी रक्त दिलं. टीएसएच १४, नॉर्मलपेक्षा बराच जास्त. रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यातच बसले. थकवा, सुजलेला चेहरा, कोरडं तोंड, यातलं काहीच माझ्या मनाचं नव्हतं.

कानाखाली आणि जबड्याखाली बोट ठेवून तुम्ही लाळेच्या ग्रंथी दाखवल्यात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते, थायरॉईड कमी पडलं की तीही आटू शकते, आणि मग हिरडीलगत दात किडतात. माझे तीन तसेच किडले होते. तुम्ही ते भरलेतही, पण त्याआधी कारण शोधलंत.

कॅल्शियम आता दुपारच्या जेवणानंतर घेते. दीड महिन्यानंतरचा रिपोर्ट खरोखर नॉर्मल आला.

परवा सुनेने कैरी चिरून तिखट-मीठ लावलं. मी नुसती बघत होते, आणि कानाखाली, तुम्ही बोट ठेवलं होतंत तिथेच, कळ आली. तोंडाला पाणी सुटलं होतं.

आपली,
एक पेशंट