शाळेच्या जिममधले कॉकस

महोदय,
अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर ३ फेब्रुवारी २०२० रोजी आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसला, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या स्थानिक सभेला, मी पहिल्यांदा गेलो. शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा वेगळा कोपरा. गुप्त मतदान नाही. चारचौघांत आपल्या गटात उभे राहायचे. गट टिकायला उपस्थितांपैकी १५ टक्के लोक लागत, नाहीतर दुसऱ्या गटात जाता येई. आमचा गट तिथपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा शेजारच्या आजी माझा हात धरून आपल्या उमेदवाराची आरोग्य योजना शांतपणे समजावत बसल्या. मी त्यांच्या गटात गेलो. रात्रपाळीच्या परिचारिकांना मात्र यायला जमले नाही, हे सलले. २०२४ मध्ये पक्षाने टपालाने पसंती घेतली, ते योग्यच झाले. आपल्याकडे उमेदवार मुंबई-दिल्लीत ठरतात. पक्षांनी वॉर्डातल्या कार्यकर्त्यांना एकदा तरी असे समोर बसवून विचारावे.

– एक वाचक, आयोवा