टायसनचा फोटो आला, केटी टेलर कुठे गेली?

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी वर्षानुवर्षं तुमचाच पेपर येतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही तक्रारीचं, त्याबद्दल आधीच माफी मागते.

१७ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारच्या अंकात खेळाच्या पानावर माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलच्या मॅचची बातमी होती, मोठ्या फोटोसकट जवळजवळ अर्धं पान. निवडणुकीची धामधूम चालू, प्रत्येक पानावर सभा आणि उमेदवार, त्यातूनही तुम्ही बॉक्सिंगला एवढी जागा दिली बघून आधी खूप बरं वाटलं. मग पूर्ण बातमी वाचली, परत एकदा वाचली, आणि त्याच रात्री त्याच रिंगमध्ये टायसनच्या मॅचच्या जरा आधी झालेल्या केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोन बॉक्सर बायकांच्या लढतीबद्दल एक ओळ नाही. एक ओळ सुद्धा नाही!

टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला सत्तर हजारांच्या वर माणसं स्टेडियममध्ये होती. आपल्याकडे शनिवारची सकाळ. मी आणि माझी भाची दोघी स्वयंपाकघरात मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होतो, मधे मधे ते नेटफ्लिक्स गोल गोल फिरत बसायचं आणि आमचा जीव वर खाली व्हायचा. डोक्याला डोकं लागून सेरानोच्या उजव्या भुवईला खोक पडली, रक्त डोळ्यात उतरत होतं, कोपऱ्यात बसली की तिची माणसं ती जखम दाबून धरायची आणि घंटा वाजली की ही परत पुढे. डोक्याच्या धडकांमुळे रेफ्रीने आठव्या राउंडला केटीचा एक पॉइंट कापला. दहा राउंड झाले आणि तिन्ही जजांनी ९५-९४ गुण असा निकाल दिला केटीच्या बाजूने. मी केटीची फॅन आहे तरी सांगते, मला सेरानो जिंकली असं वाटलं, स्टेडियममध्ये पण लोकांनी हुर्यो केली, भाची तर अजून त्यावरून माझ्याशी वाद घालते. वाद घालण्यासारखं काहीतरी झालं ना त्या रात्री, ते तिथेच झालं. टायसन ५८ वर्षांचा, समोरचा २७ वर्षांचा, त्या मॅचमध्ये काय होतं हे ज्यांनी बघितली त्यांना माहीतच आहे. नेटफ्लिक्सनेच नंतर सांगितलं की या दोघींची लढत जगभरात जवळपास ५ कोटी घरांत बघितली गेली, म्हणजे कोणी बघितलंच नाही असंही नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. १९९६ च्या मार्चमध्ये लास वेगासला टायसन आणि ब्रिटनच्या फ्रँक ब्रुनोची मॅच होती, तिच्या आधी क्रिस्टी मार्टिन आणि डियर्ड्रे गोगार्टी या दोघी लढल्या होत्या. मार्टिनच्या नाकातून भळाभळा रक्त वाहत होतं तरी ती थांबली नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक टायसनपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त बोलत होते. त्यातली गोगार्टी आयर्लंडची. तिच्या देशात बाईला बॉक्सिंगचं लायसन मिळत नव्हतं म्हणून घरदार सोडून अमेरिकेत जाऊन लढली. शेजारच्या इंग्लंडमध्ये तर जेन काउच या बॉक्सरला १९९८ मध्ये लायसनसाठी तिथल्या बॉक्सिंग बोर्डाशी भांडावं लागलं आणि बोर्डाचं म्हणणं काय, तर पाळीच्या आधी बायकांचं मन थाऱ्यावर नसतं. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसला नाही.

केटी पण आयर्लंडचीच, डब्लिनजवळ समुद्रकाठी ब्रे नावाचं गाव आहे तिथली. लहानपणी केस हेडगार्डमध्ये खुपसून आणि कागदावर नुसतं के. टेलर लिहून मुलांशी लढायची, मॅच झाल्यावर हेडगार्ड काढलं की लोक चाट पडायचे. बाप कोच, आई स्वतः बॉक्सिंगची जज. क्लब म्हणजे बोटी ठेवायची जुनी शेड, तिथे संडास-बाथरूमची पण सोय नव्हती. ३१ ऑक्टोबर २००१ ला डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधली मुलींची पहिली अधिकृत मॅच झाली, ती केटीने जिंकली, तेव्हा वय १५. आणि तिचं पहिलं जागतिक सुवर्णपदक कुठे आलं माहितीये का, आपल्या दिल्लीत! २००६ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच स्पर्धेत मेरी कोम, सरिता देवी धरून आपल्या मुलींनी चार सुवर्णपदकं घेतली होती. म्हणजे एकाच स्टेडियममधून या सगळ्या निघाल्या, एकाच वयाच्या आसपासच्या.

दिल्लीचं धरून केटीने लागोपाठ पाच जागतिक सुवर्णपदकं घेतली, २०१२ ला लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं, आणि २०१६ ला रिओमध्ये क्वार्टर फायनललाच हरली. तिशीची झाली होती. आपल्याकडे काय म्हणाले असते, की झालं आता, नोकरी सांभाळ, लग्नाचं बघ. ती अमेरिकेत कनेटिकटला नवीन कोचकडे गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला प्रोफेशनलची पहिली मॅच खेळली. २०१९ ला लाइटवेट वजनगटातले चारही मोठे जागतिक विजेतेपदाचे बेल्ट तिच्याकडे. २०२२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हीच सेरानो समोर होती, तिथे पहिल्यांदा दोन बायकांची लढत मुख्य म्हणून लागली, १९,१८७ तिकिटं गेली आणि दोघींना दहा-दहा लाख डॉलरच्या वर मिळाले. पाचव्या राउंडला केटीचे पाय लटपटले होते, पडतेच आता असं वाटत असताना ती उभी राहिली आणि शेवटी जिंकली. २०२३ ला घरच्याच डब्लिनमध्ये शँटेल कॅमेरॉनकडून हरली, सहा महिन्यांनी तिथेच तिला हरवलं. वयाच्या ३७ व्या वर्षी.

आता हे सगळं मी का सांगतेय. माझी भाची इथे अकोल्यात बॉक्सिंग शिकते, सोळा वर्षांची आहे. सकाळी साडेपाचला तिच्या हाताला बँडेज मीच बांधून देते, अंगठ्यात अडकवायचं, मनगटाला तीन वेढे, मग पंजाला, मग बोटांच्या मधून काढून परत मनगटाला. घट्ट झालं तर बोटं काळीनिळी, सैल झालं तर पॅड मारताना सुटतं. मला आता डोळे मिटून जमतं. मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली नाही म्हणून ती घरूनच तयार होऊन जाते आणि घामेजलेल्या कपड्यांतच परत येते. पण तिची आई, म्हणजे माझी ताई, तिच्या दृष्टीने बॉक्सिंग म्हणजे दहावीचे वाढीव गुण आणि जमलं तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात नोकरी. चूक नाही तिची, नोकरी लागली तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्यापुढे काही असतं हे तिने कधी बघितलेलंच नाही. सरिता देवीने २०१७ ला इंफाळला प्रोफेशनलमधली पहिली लढत जिंकली हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मुलगी मेडल घेते तेव्हा हारतुरे आणि फोटो, नंतर ती कुठे जाते याचा पत्ताच नसतो.

अजून एक लिहिते मग थांबते. प्रोफेशनलमध्ये बायकांचे राउंड सहसा दोन मिनिटांचे असतात, पुरुषांचे तीन, म्हणून लोक म्हणतात बायकांचं हलकं असतं. टायसनच्या त्या मॅचचे राउंड पण दोन-दोन मिनिटांचेच होते आणि ते सुद्धा आठच, तरी त्याला अर्धं पान. सेरानो तर २०२३ ला पुरुषांसारखे तीन-तीन मिनिटांचे बाराच्या बारा राउंड लढून जिंकली, डब्ल्यूबीसी ही बेल्ट देणारी संघटना बायकांना तसं खेळू देत नव्हती म्हणून तिने त्यांचा बेल्ट सोडून दिला. एवढी मोठी गोष्ट कोणत्याच मराठी पेपरात माझ्या वाचनात आली नाही.

मी ताईला मोबाईलवर केटीचे व्हिडिओ दाखवले तर म्हणाली मोबाईलवर काय, काहीही दाखवतात. कोणतीही गोष्ट सांगितली की तिचा एकच प्रश्न, पेपरात आलंय का? रोज सकाळी चहासोबत ती तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, निधनवार्ता पण सोडत नाही. त्यामुळे एवढीच विनंती आहे साहेब, या दोघींवर एखाद्या रविवारी नीट लिहा, सेरानोच्या त्या भुवईसकट आणि त्या ९५-९४ सकट. फोटो छोटा असला तरी चालेल, नाव मात्र मोठ्या अक्षरात टाका, ताईचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

आपली एक नियमित वाचक,
अकोला