झेनोच्या कोड्याविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वेगवान अकिलीस पुढे असलेल्या कासवाला कधीच गाठू शकणार नाही, कारण तो कासवाच्या जागी पोहोचेपर्यंत ते थोडे पुढे सरकलेले असते, या ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या कोड्याचा निकाल अनंत श्रेढीच्या, म्हणजे कधी न संपणाऱ्या पदांच्या, बेरजेने केव्हाच लागला, आता त्यात शिरण्यासारखे काही उरलेले नाही, असे तू लिहिले आहेस. तुझे गणित मला मान्य आहे, पण निकाल लागला हे मान्य करवत नाही, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

अकिलीस सेकंदाला १० मीटर धावतो, कासव १ मीटर चालते आणि त्याला १०० मीटरांची आघाडी आहे, असे धरू. अकिलीस ते १०० मीटर तोडेपर्यंत कासव १० मीटर पुढे सरकते, तेवढे अंतर कापेपर्यंत आणखी १ मीटर, आणि असे टप्पे कधी संपत नसले तरी त्या सर्वांची बेरीज १११ मीटर आणि एक नवमांश एवढीच भरते. इथवर आपले एकमत आहे.

मात्र अनंत पदांची बेरीज म्हणजे, पहिल्या काही पदांच्या बेरजा ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहतात, ती संख्या. कासव कोठे गाठले जाईल हे तिने कळते. पण ज्या कामाला शेवटची पायरीच नाही ते पुरे कसे होते, या प्रश्नाला ती हात लावत नाही, आणि झेनोचा प्रश्न तोच होता.

परवा मी ३२ सेंटीमीटरांची कागदी पट्टी घेऊन ती निम्मी कापत गेलो. पाचव्या कापानंतर १ सेंटीमीटर उरला, सातव्यानंतर अडीच मिलिमीटर, आठव्यानंतर सव्वा मिलिमीटर, आणि तो तुकडा कात्रीच्या पात्यांत धरताच येईना. तेव्हा झेनोला उत्तर देणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे म्हणणे मला प्रथमच नीट उमगले. रेषेत निमे, पाव, अर्धपाव असे बिंदू आधीपासून मांडून ठेवलेले नसतात, आपण थांबून खूण केली तरच ते प्रत्यक्षात येतात, एरवी ते केवळ शक्यतेच्या रूपात असतात. पट्टीचे तुकडे माझ्या कात्रीने पाडले होते. दारापर्यंत चालत जाणारा माणूस निम्म्या वाटेवर थबकून खूण करीत नाही, तो सलग चालतो. तुझ्या बेरजेपेक्षा हे उत्तर मला अधिक खोल वाटते.

झेनो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, दक्षिण इटलीतील एलिया या ग्रीक वसाहतीत होऊन गेला. सत्, म्हणजे जे खरोखर आहे ते, एकच आणि अचल आहे, या आपल्या गुरूच्या, पार्मेनिडीजच्या, मताची त्याला पाठराखण करायची होती. त्याचे लिखाण नष्ट झाले. गतीची ही कोडी आपल्याला मुख्यतः ॲरिस्टॉटलने, म्हणजे त्यांचे खंडन करायला बसलेल्या माणसाने, सांगितली म्हणून ठाऊक आहेत, आणि ही गोष्ट मला फार हळहळ लावते.

झेनोच्या दुसऱ्या एका, बाणाच्या, कोड्यापुढे मात्र मी अजून अडलो आहे. प्रत्येक क्षणी बाण आपल्या लांबीएवढीच जागा व्यापून असतो, मग तो हलतो केव्हा? क्षणातला वेग आपण काढतो खरा, पण तो आजूबाजूच्या क्षणांतील अंतरांवरून, एकट्या क्षणाकडे पाहून नव्हे. काळ क्षणांचा बनलेलाच नाही, हे ॲरिस्टॉटलचे उत्तर तुझे कलनशास्त्र, म्हणजे असा क्षणातला वेग काढणारे गणित, स्वीकारील का? तेवढे मला कळव.

तुझा स्नेहांकित मित्र